गेमच्या अपडेटमध्ये काय बदलावे आणि दुसऱ्या भागासाठी काय राखून ठेवावे

अमळनेरहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमच्या दोन मित्रांनी फोनवर खेळण्याचा, शेताच्या बांधांवरून उड्या मारत पुढे जाण्याचा एक गेम तयार केला. तो लोकांनी बऱ्यापैकी उतरवून घेतला, पण 'उडी बरोबर वाटत नाही' अशी तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. आता तुम्ही भाग दोन करायला घेतला आहे. त्यात नवी पात्रे, नव्या लेव्हल आणि नवे संगीत असेल. तुमचे म्हणणे असे की उडीची उंची किंवा वेग थोडा इकडेतिकडे केल्याने असा काय फरक पडणार, आणि पडत असेल तर तो बदल आताच अपडेटमधून द्यावा की दुसऱ्या भागासाठी राखून ठेवावा.

माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक म्हणजे खेळाडूला नेमके काय खुपते आहे, आणि दुसरा म्हणजे जुन्या खेळाडूंच्या हातांना जी सवय लागली आहे तिला धक्का लावायचा की नाही. पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही. मी गेली चौदा वर्षे गेम डिझाइनचे काम करतो आहे. त्यातली बरीचशी पुण्यात गेली आणि आता जळगावला घरूनच काम करतो. या काळात मला सर्वाधिक त्रास अशाच बदलांनी दिला, जे करताना मी स्वतः 'किरकोळ' असा शब्द वापरला होता.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचा गेम एकट्याने खेळायचा आहे की त्यात गुणांची यादी आणि चढाओढ आहे, खेळाडू त्यात पैसे खर्च करतात की नाही, आणि तुमचे बहुतेक खेळाडू कोणत्या किमतीचा फोन वापरतात, यावर माझे उत्तर थोडे बदलेल. तुमच्या लिखाणावरून गुणांची यादी आहे, पैशांचा व्यवहार नाही आणि फोन साधेच आहेत, असे मी गृहीत धरतो.

आता उडीकडे वळू. 'उडी बरोबर वाटत नाही' या तक्रारीचा अर्थ उडी कमी उंच आहे असा क्वचितच असतो. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक उड्यांचा गेम करत होतो आणि मे महिन्यात भुसावळला बहिणीकडे गेलो असताना तो तेरा वर्षांच्या भाच्याच्या हातात दिला. सकाळी कूलरसमोर बसून तो खेळत होता आणि एकाच खड्ड्यात सहा-सात वेळा पडला. शेवटी वैतागून म्हणाला, "मामा, मी दाबलं होतं, यानेच ऐकलं नाही." मला खात्री होती की त्याचेच चुकते आहे. म्हणून दुसऱ्या फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने मी त्याचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत टिपला. चित्रीकरण पुढेमागे करून पाहिले, तेव्हा दिसले की पात्राचा पाय काठावरून सुटल्यानंतर जेमतेम एक विसांश सेकंदाने अंगठा पडद्यावर टेकत होता. माझ्या कोडच्या दृष्टीने तो उशीर होता. भाच्याच्या डोळ्यांच्या आणि हाताच्या दृष्टीने मात्र त्याने वेळेवरच दाबले होते, आणि खेळणाऱ्याच्या बाबतीत त्याचाच हिशेब मानावा लागतो.

यावरचा उपाय जुना आणि सर्वश्रुत आहे. त्याला आमच्या क्षेत्रात 'कायोटी टाइम' म्हणतात. कड्यावरून पुढे गेल्यावरही क्षणभर हवेतच उभा राहणाऱ्या कार्टूनमधल्या कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून हे नाव पडले. पाय सुटल्यावरही अगदी थोडा वेळ उडी मान्य करायची, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ साली आलेला 'सेलेस्ट' हा गेम अतिशय अवघड म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या आत अशा अनेक सवलती दडलेल्या आहेत, आणि काठ सुटल्यानंतरची मुभा त्यात साधारण एक दशांश सेकंदाची आहे. याचीच दुसरी बाजू म्हणजे 'इनपुट बफर'. खेळाडूने जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबले, तर ते वाया न घालवता लक्षात ठेवायचे आणि पाय टेकताक्षणी उडी द्यायची. या दोन्हींमुळे गेम सोपा होतो असे म्हणता येणार नाही, कारण खड्डा तेवढाच रुंद राहतो. खेळाडूने जे ठरवले होते ते घडते, एवढाच फरक पडतो.

इथे आपल्या खानदेशातली एक अडचण सांगायलाच हवी, कारण पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून ती मला कधी दिसली नव्हती. भाच्यासाठी मी ही सवलत त्याच दिवशी कोडमध्ये घातली आणि ती 'चार फ्रेम' अशी लिहिली (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारे एकेक चित्र). दुपारी बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला होता, कूलरही गरम वारा फेकत होता आणि फोन हाताला चटका देईल इतका तापला होता. फोन तापला की त्याचा प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे सकाळी सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा तोच फोन दुपारी ३० वर आला. सकाळी चार फ्रेम म्हणजे ०.०६७ सेकंद होते, दुपारी त्याच चार फ्रेमचे ०.१३३ सेकंद झाले. पात्राची धाव मी सेकंदांत मोजत होतो आणि सवलत फ्रेममध्ये, त्यामुळे दुपारी पात्र काठ सोडून स्पष्ट दिसेल इतके हवेत चालत जाई आणि मग उडी मारी. भाच्याला ती गंमत वाटली, मला घाम फुटला. म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे की असा प्रत्येक आकडा सेकंदांत लिहा, फ्रेममध्ये लिहू नका, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता, अर्धा तास खेळून तापलेल्या साध्या फोनवर तो तपासल्याशिवाय कोणालाही देऊ नका.

आता उंचीचा मुद्दा. तुम्हाला वाटते की उडीचा जोर दहा टक्क्यांनी वाढवला तर सगळे दहा टक्क्यांनी वाढेल. तसे होत नाही, आणि हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, अंतर गेमच्या चौकोनांत आणि वेळ सेकंदांत मोजला, तर तुमच्या पात्राचा उडी घेतानाचा वेग १५ आणि त्याला खाली ओढणारे गुरुत्व ३७.५ आहे. मग उडीची उंची ३ येते आणि शिखरापर्यंत पोहोचायला ०.४ सेकंद लागतात. आता वेग १६.५ करा. शिखराचा वेळ ०.४४ सेकंद होतो, म्हणजे दहा टक्केच वाढतो आणि सपाट जागेवर उडीची लांबीही दहा टक्केच वाढते. पण उंची ३.६३ होते, कारण ती वेगाच्या वर्गावर ठरते. तुमच्या एखाद्या लेव्हलमध्ये खेळाडूने खालच्या वाटेने जावे म्हणून ३.५ उंचीची भिंत उभी केली असेल, तर ती भिंत आता नावापुरती उरली. तिच्यामागे ठेवलेली नाणी, तिच्यामुळे लांब झालेला रस्ता आणि त्या रस्त्यावर घालवलेल्या वेळेवर बेतलेले गुण हे सगळे त्या एका आकड्याने निकालात निघते. जुन्या खेळाडूने तीन आठवडे घासून मिळवलेला पहिला क्रमांक नवा खेळाडू पहिल्या दिवशी मोडतो. लेव्हल हा त्या आकड्यावर बांधलेला इमला असतो आणि तुम्ही पाया हलवायला निघाला आहात, हे लक्षात असू द्या.

उंची वाढवायची पण हवेत राहण्याचा वेळ तोच ठेवायचा असेल, तर उलट्या बाजूने हिशेब करावा. हवी असलेली उंची आणि शिखरापर्यंतचा वेळ आधी ठरवावा. उंचीच्या दुपटीला वेळेने भागले की वेग मिळतो आणि त्या वेगाला पुन्हा वेळेने भागले की गुरुत्व मिळते. अंदाजाने दोन्ही आकडे ओढत बसण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, कारण खेळाडूच्या हातात मुख्यतः वेळ बसलेला असतो. उडी किती उंच आहे हे त्याला डोळ्यांनी कळते, पण पुढचे बटण कधी दाबायचे हे त्याचा अंगठा ठरवतो.

या सवयीची ताकद मला लहानपणी जळगावच्या सायबर कॅफेत कळली होती, फक्त तेव्हा तिला नाव देता येत नव्हते. २००६ च्या अखेरीस ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' आला आणि त्यानंतर त्या कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा पुढचा भाग काढलाच नाही. तरीही लोक तो वर्षानुवर्षे खेळत राहिले. हौशी मंडळींनी त्यात नवे संघ, नवे गणवेश, नवी मैदाने घातली. आमच्या कॅफेत दर काही महिन्यांनी कोणीतरी नवा पॅच पेन ड्राइव्हवर घेऊन येई आणि आम्ही तो उत्साहाने टाकत असू. पण चेंडू टप्पा पडल्यावर बटण दाबण्याचे जे टायमिंग बोटांत मुरले होते, ते तसेच राहावे असे आम्हा सगळ्यांना वाटे. खेळाडूंची नावे बदललेली चालत होती, टायमिंग बदललेले चालले नसते.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. जो बदल खेळाडूच्या हाताने आधीच मागितलेली गोष्ट त्याला देतो, तो अपडेटमध्ये द्यावा. जो बदल त्याच्या हाताला नव्याने शिकायला लावतो, तो दुसऱ्या भागासाठी ठेवावा. काठावरची सवलत आणि बफर पहिल्या प्रकारात मोडतात. जुन्या खेळाडूला त्यांची जाणीवही होणार नाही. तो म्हणेल की आता गेम नीट चालतो. उडीची उंची, धावण्याचा वेग आणि हवेत वळण्याची मुभा दुसऱ्या प्रकारात येतात.

दुसऱ्या प्रकारचे बदल नव्या भागात किती मोठे काम करतात, याची उदाहरणे जुनी आणि ठसठशीत आहेत. १९८० च्या 'पॅक-मॅन'मधली भुते ठरलेल्या नियमाने चालत, त्यामुळे पट्टीच्या खेळाडूंनी अख्खे मार्ग पाठ करून टाकले होते. १९८२ मध्ये आलेला 'मिस पॅक-मॅन' मुळात जुन्या यंत्राला जोडण्याच्या सुधारणा-संचातून जन्मला. त्यात चक्रव्यूह एकाऐवजी चार झाले, फळे एका जागी न थांबता फिरू लागली आणि भुतांच्या चालीत थोडी अनिश्चितता आली. गोळ्या खाणे, भुतांपासून पळणे, मोठी गोळी खाऊन उलट त्यांच्यावर धावून जाणे हे सगळे जसेच्या तसे होते. पण पाठांतर निरुपयोगी झाले आणि त्याच हातांना नव्याने पाहत खेळावे लागले. हा बदल कोणी जुन्या गेमच्या अपडेटमधून लादला असता, तर पाठ करणाऱ्यांनी तो अन्याय मानला असता, आणि ते बरोबरच होते. वेगळ्या नावाने, वेगळ्या यंत्रावर आला म्हणून तो स्वीकारला गेला.

'सुपर मारिओ'मधल्या लुईजीची गोष्ट मला त्याहून आवडते. १९८५ च्या पहिल्या गेममध्ये तो रंग सोडला तर हुबेहूब मारिओ होता. १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात त्याची उडी उंच केली आणि पाय घसरता केला. दोनच गुण, एक फायद्याचा आणि एक तोट्याचा. एवढ्यावर त्या पात्राला स्वभाव मिळाला आणि पुढच्या कितीतरी गेममध्ये तो टिकला. तुम्ही भाग दोनसाठी नवी पात्रे काढत आहात, त्यांच्यासाठी हा धडा थेट लागू आहे. नवे चित्र आणि नवा पोशाख देऊन भागणार नाही. प्रत्येक पात्राला हातात वेगळा जाणवेल असा एक आकडा द्या, आणि त्याची किंमत म्हणून दुसरा एक आकडा कमी करा.

कधी कधी असा आकडा आपण ठरवलेलाही नसतो. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये एका फटक्याला जोडून दुसरा फटका मारता येणे ही मुळात निर्मात्यांच्या योजनेत नसलेली गोष्ट होती. चाचणीत ती लक्षात आली, पण तिचे टायमिंग फार कठीण आहे म्हणून तशीच राहू दिली. खेळाडूंनी ते टायमिंग शिकून घेतले, आणि १९९३ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू'मध्ये सलग फटक्यांची मोजणी पडद्यावर दिसू लागली. तुमच्या गेममध्येही खेळाडूंनी एखादी अनपेक्षित युक्ती शोधली असेल, भिंतीला घासून थोडे जास्त वर जाण्यासारखी, तर ती बग म्हणून अपडेटमध्ये घाईने बुजवू नका. ती कोण आणि किती जण वापरतात ते आधी पाहा. पुष्कळदा दुसऱ्या भागाचे मुख्य कौशल्य तिथेच सापडते.

चढाओढीच्या गेममध्ये मात्र आकड्यांकडे जास्त कठोरपणे पाहावे लागते. 'हेलो ३' या २००७ च्या गेममध्ये दूरवरून नेम धरायच्या बंदुकीच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ वरून ०.७ सेकंद केला गेला, आणि त्या एकाच बदलावर त्याचे डिझाइनर जेमी ग्रीसेमर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये अख्खे व्याख्यान दिले. नवशिक्याला हे विचित्र वाटेल, पण एक पंचमांश सेकंदात समोरच्याला आडोसा गाठता येतो, आणि मग ती बंदूक जवळच्या लढाईत सर्रास वापरायची की नाही, याचे गणितच बदलते. उलट उदाहरण 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह'चे. डिसेंबर २०१५ च्या अपडेटमध्ये आलेले रिव्हॉल्व्हर स्वस्त असूनही इतके जहाल ठरले की काही दिवसांतच त्याची ताकद उतरवावी लागली.

आकडा जवळजवळ तोच ठेवून नुसती मांडणी बदलली तरी खेळाडूचे मन बदलते, हेही विसरू नका. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीत फार वेळ सलग खेळणाऱ्याचे अनुभव-गुण निम्मे होत, आणि लोक चिडले. मग तीच योजना उलटी मांडली: विश्रांती घेऊन येणाऱ्याला दुप्पट गुण, नंतर नेहमीप्रमाणे. प्रगतीचा वेग साधारण तोच राहिला, पण शिक्षेचे बक्षीस झाले आणि तक्रार थांबली. तुमच्या गेममध्ये पडल्यावर दहा नाणी कापली जातात असे तुम्ही लिहिले आहे. न पडता टप्पा पार केला तर दहा नाणी जास्त, असे करून पाहा.

बदल किती मोठा करून पाहावा, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे अडखळाल म्हणून सांगतो. 'सिव्हिलायझेशन' या गेमचे निर्माते सिड मायर यांचा नियम असा, की आकडा चुकीचा वाटत असेल तर तो दुप्पट करावा किंवा निम्मा करावा. हे खेळाडूंना द्यायचे नसते, आपल्यालाच चाचणीत कळावे म्हणून करायचे असते. सवलत ०.१ सेकंद आहे, ती ०.२ करून पाहा आणि ०.०५ करून पाहा. दोन्हीकडे काय बिघडते ते दिसले की मधली जागा लवकर सापडते. दोन-दोन टक्क्यांनी सरकत राहिलात तर महिनाभरानेही आपल्याला खरेच फरक जाणवतो आहे की नुसता भास होतो आहे, हे कळणार नाही.

आणि एका वेळी एकच आकडा बदला. पूर्वी मी जिथे नोकरीला होतो, तिथे मोटारींच्या शर्यतीच्या एका गेमच्या अपडेटमध्ये आम्ही ब्रेक, वळण, घसरण, इंधन आणि प्रतिस्पर्ध्यांचा वेग असे पाच आकडे एकदम बदलले. प्रत्येक बदलामागे चांगले कारण होते आणि बैठकीत मीही मान डोलावली होती. अपडेट गेल्यावर जुने खेळाडू भराभर गळू लागले, आणि त्यांना काय नको होते हे सांगणे आम्हाला शक्य नव्हते, कारण पाचही बदल एकमेकांत मिसळले होते. एकेक मागे घेत दोन आठवडे गेले. शेवटी दोष वळणाच्या आकड्यात निघाला, पण तोवर जे गेले ते परत आले नाहीत. त्यातल्या काही जणांशी मी रोज बोलत असे, म्हणून ते अजून लागून राहिले आहे.

त्यामुळे तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो. पहिल्या भागाच्या अपडेटमध्ये आधी फक्त काठावरची सवलत द्या, ०.१ सेकंदापासून सुरुवात करून. आठ-दहा दिवसांनी बफर द्या. प्ले स्टोअरवर अपडेट सगळ्यांना एकदम न देता ठरावीक टक्के लोकांनाच आधी देण्याची सोय आहे, ती वापरा. दहा टक्क्यांपासून सुरू करा. बदलाची नोंद अपडेटच्या माहितीत साध्या मराठीत लिहा, 'किरकोळ सुधारणा' असे मोघम लिहू नका, कारण ज्याने तक्रार केली होती त्याला आपले ऐकले गेले हे कळायला हवे. पहिल्या भागाची उंची, वेग आणि गुरुत्व यांना हात लावू नका. गुणांची यादी त्यांच्यावर उभी आहे. भाग दोनमध्ये नवी उडी हवी असेल तर ती आधी रिकाम्या मैदानात, नुसत्या चौकोनी ठोकळ्यांवर पक्की करा आणि मगच एकही लेव्हल रंगवायला घ्या. पहिली लेव्हल मात्र अशी ठेवा की जुन्या सवयीने खेळणारा माणूस पडणार नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या उडीपर्यंत नवा पल्ला त्याच्या आपोआप लक्षात येईल.

चाचणीसाठी मित्रांना 'कसा वाटला' असे विचारू नका, ते चांगलाच म्हणतील. त्यांच्या शेजारी गप्प बसून अंगठा पाहा आणि ते कुठे दोनदा दाबतात ते टिपून घ्या. जिथे माणूस घाईने दोनदा दाबतो, तिथे गेमने त्याचे पहिल्यांदा ऐकलेले नसते.

सध्याचा उडीचा वेग, गुरुत्व आणि धावण्याचा वेग हे तीन आकडे, आणि सर्वांत जास्त लोक ज्या खड्ड्यात पडतात त्याची रुंदी, एवढे इथेच लिहिलेत तर तो खड्डा मुळात पार होण्याजोगा आहे का, हे मी हिशेब करून सांगेन. एका गेममध्ये मी अशी जागा पाहिली आहे, जिथे अचूक उडी मारणाऱ्यालाही फक्त ०.०३ सेकंदाची संधी उरत होती, आणि तिथे दोष उडीचा नव्हता, खड्डा अर्ध्या चौकोनाने जास्त रुंद काढला गेला होता.